लिनक्समध्ये कर्नल मॉड्यूल आणि डिव्हाइस नोड: बोर्ड लावल्यापासून पोर्ट उघडेपर्यंत

लिनक्सच्या लॅपटॉपला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड लावला आणि आर्डुइनो आयडीईमध्ये पोर्टची यादी रिकामीच दिसली, की नवशिक्यांची धावपळ सुरू होते. कोणी म्हणतं ड्रायव्हर टाक, कोणी म्हणतं एमकेनोडने फाइल बनव, कोणी म्हणतं सगळं सुडोने (म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने) चालव. हे तिन्ही सल्ले तीन वेगळ्या थरांबद्दलचे आहेत. आपलं नेमकं कोणत्या थरावर अडलंय हे कळल्याशिवाय त्यातला एकही उपयोगी पडत नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन सगळा रस्ता चालून पाहू: सीएच३४० चिपचा स्वस्त बोर्ड. आर्डुइनो नॅनोच्या नकला, नोडएमसीयूचे बरेच प्रकार, सुटे यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर या सगळ्यांवर ही चिप सर्रास असते.

एक सूचना आधीच देतो. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. पोर्टच्या नावातलं ‘यूएसबी’ किंवा ‘एसीएम’ तेवढं मोठ्या अक्षरांत.

काय काय लागेल

- उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा असलेला लॅपटॉप आणि त्यावर सुडोचा अधिकार. व्हर्च्युअल मशीन असेल तर यूएसबी उपकरण आत जोडून घ्यावं लागेल.
- सीएच३४० चिपचा कोणताही बोर्ड.
- डेटा वाहून नेणारी केबल. मोबाइलसोबत आलेल्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच निघतं.
- यूएसबीयूटिल्स (यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारं) आणि पिकोकॉम (सिरीयल पोर्ट उघडून बोलणारं) ही दोन पॅकेजेस. बाकीची साधनं सिस्टिममध्ये आधीच असतात.
- चिपच्या कंपनीचा ड्रायव्हर उतरवून घेऊ नका. सीएच३४१ नावाचं मॉड्यूल कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतं आणि सीएच३४० चिपही तेच चालवतं.

१. आधी दोन गोष्टी मनात वेगळ्या करा

मॉड्यूल म्हणजे कर्नल चालू असताना त्यात भरता येणारा आणि नंतर काढता येणारा कोड. फाइल म्हणून तो /लिब/मॉड्यूल्स/ मध्ये, तुमच्या कर्नलच्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरखाली असतो. शेवटी .केओ असतं, काही वितरणांत (उबुंटू, फेडोरा ही अशी वितरणं) दाबून म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेलं .केओ.झेडएसटी किंवा .केओ.एक्सझेड. उपकरणाशी बोलायचं कसं, हे ज्ञान या कोडमध्ये असतं. उपकरणाशी बोलणारा असा कोड म्हणजेच ड्रायव्हर.

डिव्हाइस नोड म्हणजे /डेव्ह खालची एक नोंद. त्यात ना कोड असतो ना डेटा. असतात फक्त तीन गोष्टी: प्रकार (कॅरेक्टर की ब्लॉक), मेजर क्रमांक आणि मायनर क्रमांक. नोड ही दारावरची पाटी आहे. पाटी लावली म्हणून घरात माणूस येत नाही, आणि पाटी काढली म्हणून आतला माणूस घर सोडून जात नाही.

दोघांना जोडतो तो क्रमांक. ड्रायव्हर कर्नलला सांगतो, “या मेजरखाली येणारी कामं माझ्याकडे पाठवा.” एखाद्या प्रोग्रॅमने नोड उघडला की कर्नल नाव बघत बसत नाही. प्रकार आणि क्रमांक वाचतो आणि त्या क्रमांकावर ज्याची नोंद आहे त्या ड्रायव्हरकडे काम सोपवतो. पुढचं सगळं यावर उभं आहे.

२. केबल लावा आणि कर्नल काय म्हणतो ते ऐका

एका टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवा आणि मग बोर्ड लावा. सगळं ठीक असेल तर क्रमाने तीन गोष्टी दिसतात: नवीन फुल-स्पीड यूएसबी उपकरण सापडलं, सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर ओळखला गेला, आणि तो टीटीवाययूएसबी० ला जोडला गेला.

या ओळी वेगवेगळ्या थरांतून येतात, म्हणून त्या नीट वाचा. पहिली यूएसबीच्या मूळ यंत्रणेची. तिला चिप कोणती याच्याशी काही देणंघेणं नाही. दुसरी-तिसरी आली म्हणजे मॉड्यूल भरलं गेलं आणि त्याने उपकरण ताब्यात घेतलं. पहिलीच ओळ येत नसेल तर केबल बदला, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा. मॉड्यूलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पहिली येते आणि पुढे शांतता, असं असेल तर तिसऱ्या पायरीत लक्ष घाला.

‘एलएसयूएसबी’ चालवल्यावर याच उपकरणासमोर १ए८६:७५२३ असा जोडक्रमांक दिसेल. डावीकडचा उत्पादकाचा, उजवीकडचा चिपचा. हा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. तुमच्या बोर्डावर वेगळी चिप असेल तर क्रमांक आणि मॉड्यूल दोन्ही बदलतील: सीपी२१०२ साठी सीपी२१०एक्स, एफटीडीआयसाठी एफटीडीआय_एसआयओ. मूळ आर्डुइनो उनो तर सीडीसी_एसीएम वापरतो आणि त्याचा नोड टीटीवायएसीएम० असतो.

३. मॉड्यूल भरलं गेलंय का?

‘एलएसमॉड’ची यादी लांबलचक असते, म्हणून ग्रेप लावून सीएच३४१ शोधा. दोन ओळी मिळतील: सीएच३४१ स्वतः, आणि यूएसबीसिरीयल, जिच्या शेवटच्या रकान्यात ‘सीएच३४१’ लिहिलेलं असेल. याचा अर्थ सीएच३४१ हे यूएसबीसिरीयलच्या आधारावर उभं आहे. तिसऱ्या रकान्यातला आकडा हा ‘सध्या किती जण वापरतायत’ याचा. पोर्ट कोणी उघडलेलं नसेल तर सीएच३४१ समोर शून्य असतं.

यादीत यूएसबीसिरीयल नाही म्हणून घाबरू नका. काही वितरणांत ते कर्नलमध्येच बांधलेलं असतं, आणि बांधलेला कोड एलएसमॉडला दिसत नाही. त्यांची यादी कर्नलच्या फोल्डरमध्ये मॉड्यूल्स.बिल्टइन या फाइलमध्ये असते.

आता प्रश्न असा, की आपण काहीच न करता मॉड्यूल भरलं कोणी? ‘मॉडइन्फो सीएच३४१’ चालवा आणि ‘एलियास’ असं लिहिलेल्या ओळी पाहा. त्यात १ए८६ आणि ७५२३ हे दोन्ही आकडे सापडतील. प्रत्येक मॉड्यूल आपल्याला कोणती उपकरणं चालवता येतात हे असं जाहीर करतं. डेपमॉड ही कमांड सगळ्या मॉड्यूल्सची ही माहिती मॉड्यूल्स.एलियास या एका फाइलमध्ये गोळा करते. उपकरण लावलं की कर्नल त्याची ओळख सांगणारी एक घोषणा करतो, मागे चालू असलेला यूडेव्ह हा प्रोग्रॅम ती ऐकतो, यादीत जुळणारं मॉड्यूल शोधतो आणि भरतो. कोण कोणावर अवलंबून आहे ते मॉड्यूल्स.डेप या दुसऱ्या फाइलमध्ये असतं.

हाताने भरायची वेळ आलीच तर ‘सुडो मॉडप्रोब सीएच३४१’ वापरा. इनएसमॉड नको. इनएसमॉडला फाइलचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो आणि ती आधाराची मॉड्यूल्स भरत नाही. मग ‘अननोन सिम्बॉल’ अशी त्रुटी येते आणि मॉड्यूलच खराब आहे असं वाटून माणूस भलतीकडे शोधत राहतो.

४. नोड नीट वाचायला शिका

‘एलएस -एल /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ चालवा. साध्या फाइलच्या ओळीपेक्षा इथे दोन फरक आहेत. ओळीचं पहिलं अक्षर ‘सी’ आहे, म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस. हार्ड डिस्कच्या नोडला तिथे ‘बी’ असतं. आणि जिथे फाइलचा आकार असतो तिथे लिहिलंय ‘१८८, ०’. हेच मेजर आणि मायनर. दुसरा तसाच बोर्ड लावलात तर १८८, १ मिळेल.

आता ‘कॅट /प्रॉक/डिव्हायसेस’ करा. १८८ समोर टीटीवाययूएसबी दिसेल. ही कर्नलच्या बाजूची नोंदवही आहे, कोणता मेजर कोणाच्या नावावर आहे याची. तिसरा पुरावा /सिस मध्ये, जिथे कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो: /सिस/क्लास/टीटीवाय/टीटीवाययूएसबी०/डेव्ह ही फाइल वाचली की १८८:० मिळतं, आणि शेजारच्या डिव्हाइस/ड्रायव्हर या दुव्याचा शेवट सीएच३४१-यूएआरटी या नावाने होतो. नोडपासून ड्रायव्हरपर्यंतची साखळी अशी डोळ्यांनी बघता येते. मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त आधार वाटतो तो /सिसचा, कारण तिथे अंदाजाला जागाच राहत नाही.

हे क्रमांक मनाला येतील तसे वाटलेले नाहीत. बरेचसे ठरलेले आहेत आणि त्यांची यादी कर्नलच्या दस्तऐवजांत मिळते: /डेव्ह/नल १, ३, /डेव्ह/झिरो १, ५, पहिली डिस्क /डेव्ह/एसडीए ८, ०. काही ड्रायव्हर मात्र भरले जाताना मोकळा क्रमांक मागून घेतात. असा नोड हाताने बनवून ठेवला तर पुढच्या वेळी क्रमांक बदलून तो निरुपयोगी होऊ शकतो.

नोड बनवतो कोण? जुन्या काळी वितरणांसोबत /डेव्हमध्ये हजारो नोड आधीच करून ठेवलेले असत, उपकरण असो वा नसो. मग डेव्हएफएस आलं, ते २००६ मध्ये कर्नलमधून काढलं गेलं. २००९ च्या २.६.३२ आवृत्तीपासून डेव्हटीएमपीएफएस आहे. आज /डेव्ह स्मृतीत (रॅममध्ये) असतो आणि ड्रायव्हरने उपकरण नोंदवताच कर्नल स्वतः तिथे नोड टाकतो, फक्त रूटला उघडता येईल असा. त्यानंतर यूडेव्ह येऊन गट आणि परवानग्या बदलतो, जोडनावं (सिमलिंक) लावतो. मूळ नाव कर्नलचं, परवानगी यूडेव्हची, एवढी वाटणी लक्षात ठेवा.

५. हाताने करून पाहा

वाचून हे पटत नाही, करून पटतं. तीन प्रयोग सांगतो, त्याच क्रमाने करा.

पहिला: ‘सुडो मॉडप्रोब -आर सीएच३४१’. आता एलएस करा, टीटीवाययूएसबी० गायब. पण एलएसयूएसबीमध्ये बोर्ड अजून दिसतो. उपकरण आहे, त्याच्याशी बोलणारा गेला आणि त्याच्यासोबत नोडही गेला. ‘सुडो मॉडप्रोब सीएच३४१’ केलं की केबलला हात न लावता नोड परत येतो.

दुसरा: पिकोकॉमने पोर्ट उघडून ठेवा (कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एक्स दाबून बाहेर पडता येतं, परवानगी नाकारली तर सध्या सुडो लावा, त्याचा बंदोबस्त सहाव्या पायरीत आहे) आणि दुसऱ्या टर्मिनलमधून मॉड्यूल काढायचा प्रयत्न करा. ‘मॉड्यूल सीएच३४१ इज इन यूझ’ असं उत्तर मिळेल. एलएसमॉडमध्ये मघाचं शून्य आता एक झालेलं असेल. नोड उघडा असेपर्यंत कर्नल मॉड्यूलला हलू देत नाही.

तिसरा सगळ्यात शिकवणारा. पिकोकॉम बंद करा, होम फोल्डरमध्ये जा आणि ‘सुडो एमकेनोड माझापोर्ट सी १८८ ०’ करा. आता ‘सुडो पिकोकॉम -बी ११५२०० माझापोर्ट’. तोच बोर्ड, तोच संवाद, नाव मात्र तुम्ही ठेवलेलं आणि जागा /डेव्हच्या बाहेरची. आता बाहेर पडून पुन्हा मॉड्यूल काढा. /डेव्हमधला नोड जाईल, तुमचा माझापोर्ट तसाच राहील, आणि तो उघडायला गेलात की ‘नो सच डिव्हाइस’ने सुरू होणारी त्रुटी येईल. फाइल डोळ्यांसमोर आहे आणि तरी उपकरण नाही म्हणतोय, कारण त्या क्रमांकावर आता कोणी नाही. झालं की आरएमने ती फाइल पुसून टाका आणि मॉड्यूल परत भरा.

६. त्रुटीचा मजकूर थर सांगतो

पोर्ट उघडताना येणारी त्रुटी शब्दन् शब्द वाचा. निम्मं निदान तिथेच होतं.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’: नोडच नाही. दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.

‘नो सच डिव्हाइस’ किंवा ‘नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस’: नोड आहे, मागे ड्रायव्हर किंवा उपकरण नाही. हाताने बनवलेले जुने नोड असेच बोलतात.

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’: दुसऱ्या प्रोग्रॅमने पोर्ट धरलंय. आयडीईचा सिरीयल मॉनिटर उघडा राहिलाय का बघा. मोडेमची तपासणी करणारी मोडेममॅनेजर सेवाही बोर्ड लावल्यावर थोडा वेळ पोर्ट धरून बसू शकते.

‘परमिशन डिनाइड’: मॉड्यूल ठीक, नोड ठीक, फक्त तुम्ही योग्य गटात नाही. डेबियन, उबुंटू आणि फेडोरात तो गट डायलआउट, आर्चमध्ये यूयूसीपी. डेबियन-उबुंटूवर ‘सुडो अ‍ॅडयूझर’, मग तुमचं नाव, मग डायलआउट. इतरत्र यूझरमॉड वापरताना मोठ्या जी सोबत लहान ए द्यायला विसरू नका. तो राहिला तर बाकीचे सगळे गट निघून जातात, सुडोचा अधिकारही. गट बदलल्यावर लॉगआउट करून परत या, नुसता टर्मिनल नवा उघडून भागत नाही. आणि कृपा करून नोडला ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी) परवानगी देऊ नका. केबल काढून लावली की तो नोड नवा असतो, दिलेली परवानगी गेलेली असते.

७. कायमचं नाव हवं असेल तर

आज टीटीवाययूएसबी० असलेला बोर्ड उद्या टीटीवाययूएसबी१ होऊ शकतो. विशेषतः पोर्ट उघडं असताना केबल निघाली, की जुना मायनर अडकून राहतो आणि परत लावल्यावर पुढचा मिळतो. प्रोग्रॅममध्ये हे नाव पक्कं लिहून ठेवणं म्हणून धोक्याचं.

सोपा उपाय तयार आहे: /डेव्ह/सिरीयल/ खाली बाय-आयडी आणि बाय-पाथ असे दोन फोल्डर यूडेव्ह आपणहून करतो. यात एक अडचण आहे. सीएच३४० बोर्डांवर सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे दोन सारखे बोर्ड बाय-आयडीमध्ये वेगळे ओळखता येत नाहीत. अशा वेळी बाय-पाथ वापरा, तो यूएसबीचं भोक बघून नाव देतो, आणि भोकावर पट्टी चिकटवून ठेवा.

एकच बोर्ड असेल आणि छान नाव हवं असेल तर /इटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये एका ओळीचा नियम लिहा: सबसिस्टिम टीटीवाय, उत्पादक १ए८६, चिप ७५२३, आणि सिमलिंकमध्ये तुमचं नाव. सिमलिंकच वापरा. नोडचं मूळ नाव बदलता येत नाही, नियमातला ‘नेम’ फक्त नेटवर्क इंटरफेसला लागू पडतो. मग ‘सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड’ करून केबल काढून लावा.

८. नेहमीचे सापळे

नोड क्षणभर येतो आणि जातो. उबुंटू २२.०४ वर हे फार जणांना भोवलं. डीमेसेजमध्ये सीएच३४१ जोडला गेल्याची ओळ येते आणि लगेच तो तुटल्याची, मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव. हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्रॅम आहे. काही ब्रेल उपकरणांतही हीच चिप असल्याने त्याच्या यूडेव्ह नियमात १ए८६:७५२३ होता, आणि तो तुमचा बोर्ड ब्रेल उपकरण समजून ड्रायव्हरच्या हातून काढून घ्यायचा. मॉड्यूल भरलेलं, उपकरण दिसतंय, नोड नाही, असं चित्र तयार होतं. संगणक फक्त तुमचा असेल तर ते पॅकेज काढून टाका. पण कॉलेजच्या किंवा ग्रंथालयाच्या सामायिक संगणकावर असं करू नका, एखाद्या अंध विद्यार्थ्याचं सगळं काम त्यावर चालू असू शकतं. तिथे ८५-बीआरएलटीटीवाय.रूल्स ही फाइल /इटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये त्याच नावाने कॉपी करा आणि ती एकच ओळ बंद करा. त्याच नावाची /इटीसीतली फाइल मूळ फाइलवर मात करते.

अपडेटनंतर मॉडप्रोब म्हणतो ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलची आवृत्ती बघा आणि /लिब/मॉड्यूल्समध्ये त्या नावाचा फोल्डर आहे का ते तपासा. आर्चसारख्या वितरणात नवा कर्नल आला की जुना फोल्डर जातो, चालू कर्नल मात्र अजून जुनाच असतो. रीस्टार्ट करा, बाकी काही करू नका.

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. सिक्युअर बूट चालू आहे आणि मॉड्यूलवर मान्य सही नाही. वितरणाच्या स्वतःच्या मॉड्यूल्सवर सही असते, त्यामुळे ही त्रुटी बहुधा बाहेरून बांधलेल्या मॉड्यूललाच येते.

/डेव्हमध्ये हाताने बनवलेला नोड रीस्टार्टनंतर नाही. तो स्मृतीत होता, गेला. जुन्या लेखांतले एमकेनोडचे सल्ले इथे कामाचे नाहीत.

ब्लॅकलिस्ट करूनही (‘हे भरू नको’ अशा यादीत टाकूनही) मॉड्यूल भरलं जातं. ब्लॅकलिस्ट फक्त एलियासवरून आपोआप भरणं थांबवते. कोणी नाव घेऊन मॉडप्रोब केलं, किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज लागली, तर ते येणारच.

डॉकरसारख्या कंटेनरमध्ये पोर्ट नाही. कंटेनरचा कर्नल यजमानाचाच (ज्या संगणकावर तो चालतो त्याचाच) असतो, म्हणून मॉड्यूल यजमानावर भरा आणि नोड ‘--डिव्हाइस’ पर्यायाने आत द्या. आत एमकेनोडने क्रमांक बरोबर घातला तरी उपकरणांवरचं बंधन तो उघडू देत नाही.

९. एकास एक जोडी शोधू नका

प्रत्येक मॉड्यूलला नोड असतो, ही समजूत सोडा. वायफायचं आयडब्ल्यूएलवायफाय भरलेलं असतं, पण नेटवर्क कार्डाला /डेव्हमध्ये नोड नसतो, ते सॉकेटमधून वापरलं जातं. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचं मॉड्यूलही नोडविनाच. उलट /डेव्ह/नलला कोणतंच सुटं मॉड्यूल नाही, तो कोड कर्नलमध्येच आहे.

आणि एक प्रकार असाही, जिथे क्रम उलटा चालतो. कर्नलच्या फोल्डरमधली मॉड्यूल्स.डेव्हनेम ही फाइल उघडा. फ्यूज आणि टन तुमच्या वितरणात कर्नलमध्येच बांधलेले नसतील, तर त्यात फ्यूजसमोर १०:२२९ आणि टनसमोर १०:२०० असे क्रमांक दिसतील. मॉड्यूल म्हणून बांधलेल्या अशा ड्रायव्हरांचे नोड सिस्टिम सुरू होतानाच तयार केले जातात, मॉड्यूल अजून भरलेलं नसताना. व्हीपीएन सुरू करताना एखाद्या प्रोग्रॅमने /डेव्ह/नेट/टन उघडला की कर्नल त्या क्रमांकावर कोणी आहे का बघतो, कोणी नसतं, मग क्रमांकावरून मॉड्यूलचं नाव शोधून ते भरायला लावतो आणि उघडण्याचं काम पुढे नेतो. आपल्या बोर्डाच्या बाबतीत मॉड्यूलने नोड आणला होता, इथे नोड मॉड्यूलला बोलावतो. व्हीपीएन वापरत नसाल तर एलएसमॉडमध्ये टन नसल्याची खात्री करून घ्या, मग ‘सुडो कॅट /डेव्ह/नेट/टन’ चालवा. कॅट त्रुटी देऊन परत येईल, पण टन कर्नलमध्येच बांधलेलं नसेल तर एलएसमॉडमध्ये ते आलेलं असेल.